रविवारचं काम

हसीब मन्यारची दोन बोटं गेली ती रविवारी गेली, आणि पुढचा सगळा प्रश्न त्या वारामुळेच उभा राहिला.

सोमवार ते शनिवार हसीब जळगावच्या एमआयडीसीत अभिमनशेठ चौधरींच्या कारखान्यात कामाला असायचा. तिथे शीतगृहाच्या खोल्या बनायच्या. त्यांना कॉम्प्रेसर जोडायचा, गॅस भरायचा, मशीन चालू करून गारवा धरतोय की नाही ते बघायचं, हे काम त्याच्याकडे. पगारातून पीएफ कापला जायचा, आजारपणाच्या सरकारी विम्याचे म्हणजे ईएसआयचे थोडे पैसे कापले जायचे. पगाराच्या चिठ्ठीवर हे आकडे यायचे, तो ती घडी करून खिशात घालायचा आणि विसरायचा.

रविवारी कारखान्याला कुलूप. त्या दिवशी तो स्वतःच्या कामावर निघायचा. जिल्ह्यात गावोगाव केळी पिकवायच्या थंड खोल्या झाल्या आहेत. हिरवीगार केळी आत ठेवायची, ठरलेल्या गारव्यात ती सारखी पिवळी होऊन बाहेर येतात. पण मशीन मधेच बंद पडलं तर आख्खा ट्रक माल काळा पडतो. असं झालं की पाचोरा, अमळनेर, चोपडा, कुठूनही व्यापाऱ्यांचा फोन हसीबलाच यायचा. ही गिऱ्हाइकं त्याला वडिलांकडून आली होती. हनीफचाचांचं पाचोऱ्यात स्टेशनजवळ फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. गुडघे गेले तसं ते बंद झालं, पण लोकांचे फोन बंद झाले नाहीत. हळूहळू रविवार पुरेना, मग हसीब संध्याकाळीही जाऊ लागला. तरी घरात त्या कामाचं नाव रविवारचं काम असंच राहिलं.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तो पाचोऱ्याला धनसिंग पाटलांच्या खोल्यांवर गेला होता. मशीन जुनं, पट्ट्यावर चालणारं. पट्टा कुईकुई करत होता. आवाज नेमका कुठून येतोय ते जवळून ऐकता यावं म्हणून हसीबने वरची जाळी काढून बाजूला ठेवली आणि वाकला. हातमोज्याचं टोक पट्ट्याने ओढलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरापासून गेलं.

धनसिंगभाऊंनी स्वतःच्या गाडीत घालून त्याला जवळच्या डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधून घेतली, रात्र तिथेच काढली आणि सोमवारी सकाळी जळगावला आणून दवाखान्यात दाखल केलं. ऑपरेशन लगेच झालं.

सोमवारी दुपारी कारखान्याचे फोरमन निंबाभाऊ हिशेबाच्या खोलीत आले. तिथे ज्योत्स्ना बोरसे बसायची. धुळ्याची, देवपूरची. पगार, पीएफ, ईएसआय, कर, सगळं तिच्याकडे. निंबाभाऊंनी दार लोटून घेतलं.

"ज्योत्स्नाताई, हसीबचा अपघाताचा रिपोर्ट भरून टाका. सोमवार, सकाळी कामावर आला तेव्हा. टेस्टिंगच्या मशीनवर."

"निंबाभाऊ, त्याला काल लागलं. काल कारखान्याला कुलूप होतं."

"माले माहीत शे ना, ताई." ते खुर्चीत बसले. "पण नीट ऐका. कामावर बोटं गेली तर ईएसआयमधून पेन्शन लागते. आयुष्यभर. आपल्या जुन्या लेथवाल्याला लागली होती, तुमच्या आधीची गोष्ट. रविवारचं सांगितलं तर काय? दवाखाना फुकट, रजेचे थोडे पैसे, संपलं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. दवाखान्याचा खर्च ईएसआय दोन्हीकडे करणार होती. पण कामावरची इजा आणि कामाबाहेरची इजा यांच्यात कायद्याने मोठी दरी होती, आणि त्या दरीत हसीबचं पुढचं सगळं आयुष्य पडत होतं.

"आणि चौकशी आली तर?" ज्योत्स्ना म्हणाली. "मशीनला जाळी का नव्हती, म्हणून तुम्हालाच विचारतील."

"विचारू दे. मना रिटायरमेंटले दोन वर्षं राह्यनात. पोऱ्याचं बठ्ठं, सगळं आयुष्य पुढे पडेल शे."

ज्योत्स्नाने फॉर्म उघडला. हसीबचं नाव टाकलं, विम्याचा नंबर टाकला. अपघाताच्या दिवसाच्या रकान्यापाशी ती थांबली. आजवर तिने कंपनीच्या कागदात खोटा आकडा लिहिला नव्हता, शेठ चिडले तरी नाही. पण आज लिहिणं आपल्याला जड जाणार नाही, हे तिला जाणवलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"हसीब काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? गुंगीत शे."

"मग शुद्धीवर येऊ द्या. तो सांगेल तेच लिहीन."

तो काय सांगणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. त्याच्या जागी कुणीही सोमवारच सांगितला असता.

बुधवारी कारखान्यातून निघून ती दवाखान्यात गेली. हसीब उशीला टेकून बसला होता, हाताला मोठं बँडेज. पलीकडे स्टुलावर त्याची बायको अफिफा मोसंबी सोलत होती.

"वार काय लिहिला, मॅडम?" हसीबने पहिलं तेच विचारलं.

"अजून काहीच नाही."

"रविवार लिहा."

अफिफाचा हात थांबला. एरवी ती नवऱ्याशी हिंदीत बोलायची. आता ज्योत्स्नालाही सगळं नीट कळावं म्हणून तिने मराठी धरली.

"रविवार लिहून काय मिळणार ते निंबाभाऊ मला सांगून गेलेत. ताई, तुम्हीच सांगा. बोटं तीच, दुखणं तेच, घरही तेच. मग वारावरून पैसे का बदलावेत? सोमवारी गेली असती तर जास्त दुखलं असतं का?"

ज्योत्स्नाला कायदा ठाऊक होता, पण अफिफाने कायदा विचारलाच नव्हता.

"अफिफा," हसीब म्हणाला, "मशीनवरची जाळी मी काढली. कारखान्यात झालं असं लिहिलं तर ती निंबाभाऊंनी काढू दिली असं होईल. माझी चूक मी त्यांच्या गळ्यात घालू?"

"ते स्वतः तयार आहेत."

"तयार आहेत म्हणूनच नको."

हसीबने बँडेजचा हात मांडीवर नीट ठेवला आणि ज्योत्स्नाकडे पाहिलं.

"आणि काम माझं होतं ना, मॅडम. धनसिंगभाऊंनी मला बोलावलं होतं, कंपनीला नाही. कामाला कुठे असं कुणी विचारलं की मी शेठचं नाव सांगतो. माझं स्वतःचं काम कुठेच लिहिलेलं नाही. आज पहिल्यांदा कागदावर यायची वेळ आली, तर तेही शेठचं म्हणून सांगू?"

ज्योत्स्नाने त्याला हातचं राखून काही सांगितलं नाही. रविवार लिहिला की दोन गोष्टी उघड्या पडणार होत्या. नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट अट होती, कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर काम करायचं नाही. शेठ नोकरीवरून काढू शकत होते. दुसरं म्हणजे कर. "रविवारचं उत्पन्न कधी दाखवलंय का?"

"नाही." त्याचा चेहरा उतरला. "किती बसेल?"

"असं तोंडी नाही सांगता येणार. बसून काढावं लागेल."

"मग काढू. पण रविवार लिहा."

खाली येऊन ज्योत्स्ना स्कूटरवर बसली आणि किल्ली न फिरवता बराच वेळ तशीच राहिली. वर पलंगावर जो माणूस बसला होता त्याला भीती वाटत होती, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. नोकरीची, कराची, बायकोच्या रागाची. आणि तरीही त्याने सांगायचं ते सांगितलं होतं. गेली कित्येक वर्षं ती त्याची पगाराची चिठ्ठी काढत होती, पण हा माणूस आज तिला पहिल्यांदा दिसला.

अपघाताचा रिपोर्ट फक्त कामावरच्या इजेसाठी असतो, तो भरायचा प्रश्नच उरला नाही. आजारपणाच्या रजेचे कागद तिने दुसऱ्या दिवशी पाठवले. पगाराच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळणार होती, तीही फक्त कारखान्याच्या पगारावर. रविवारचं बुडणारं उत्पन्न कुठेच धरलं जाणार नव्हतं, कारण त्यावर कधी काही भरलेलंच नव्हतं.

दवाखान्यातून सुटल्यावर हसीब घरी न जाता आधी शेठकडे गेला. हात गळ्यात अडकवलेला. अभिमनशेठ सावद्याकडचे, चिडले की तिकडची बोली तोंडात यायची.

"माह्या कारखान्यात शिकला नि धंदा बाहेर करतो? मले सांगाले काय झालं व्हतं?"

"शिकलो अब्बांकडे, शेठ. पक्का तुमच्याकडे झालो. सांगायला पाहिजे होतं, ते मात्र खरं."

"जाय घरी. मी पाहतो काय करायचं ते."

हे बोलणं काचेच्या दारातून बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. निंबाभाऊही तिथेच उभे होते. हसीब त्यांच्या समोरून गेला तरी त्यांनी मान वळवली नाही. आपण एवढी मदत पुढे केली ती याने नाकारली, हे त्यांना लागलं होतं.

शेठ काही दिवस गप्प राहिले. मग एका सकाळी त्यांनी ज्योत्स्नाला बोलावलं.

"त्याने सोमवार सांगितला असता तर मले कळलंही नसतं, हो ना?"

"हो, शेठ."

"तूही लिहिलं असतं?"

"बहुतेक लिहिलं असतं."

शेठनी तिच्याकडे नवलाने पाहिलं, मग खिडकीबाहेर. "परवानगी देता येते का? लेखी?"

"येते. अटी तुम्ही घाला."

त्यांनी अटी घातल्या. कंपनीच्या वेळेत बाहेरचं काम नाही. कंपनीच्या गिऱ्हाइकांकडे जायचं नाही. आणि नाशिक-पुण्याकडे मशीन बसवायला जी टीम जायची, तिच्यातून हसीबचं नाव काढलं. त्या दौऱ्यांचा भत्ता चांगला होता. ज्योत्स्नाने त्यावर रदबदली करून पाहिली, पण शेठ हलले नाहीत. विश्वासाचं काम विश्वासाच्या माणसालाच, म्हणाले. पत्र घेताना हसीबने ते दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाला, "त्यांच्या बाजूने बरोबर आहे."

रजेच्या काळात धनसिंगभाऊंचा फोन आला. त्यांनी दुसरा मेकॅनिक आणला होता, पण त्याला जुन्या मशीनची नस उमगत नव्हती. "तू फक्त येऊन खुर्चीवर बैस. तोंडाने सांग. दिवसाचे पूर्ण पैसे देतो." घरात पैशांची ओढ होती. हसीबने ज्योत्स्नाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ईएसआयच्या रजेचे पैसे घेताना दुसरीकडे पैसे घेऊन काम करायचं नाही, नियम तसा आहे. हसीबने त्या मेकॅनिकला फोनवर कॅमेऱ्यातून मशीन दाखवायला लावलं, कोणता व्हॉल्व्ह किती फिरवायचा ते सांगितलं आणि पैशांचं विचारल्यावर धनसिंगभाऊंना म्हणाला, "माझ्या हाताला बरं वाटल्यावर चहा पाजा." अफिफाने तेव्हा भांडी जरा जोरात ठेवली.

डिसेंबरात एका सुटीच्या दुपारी ज्योत्स्ना लॅपटॉप घेऊन जळगावातच मेहरुणला हसीबच्या घरी गेली. मागच्या आर्थिक वर्षाचं रिटर्न उशिराचा दंड भरून अजून देता येत होतं, पण डिसेंबर संपायच्या आत. हनीफचाचाही पाचोऱ्याहून आले होते, खाटेवर पाय लांब करून बसले होते.

कारखान्याचा पगार सोपा होता, त्याचा फॉर्म तिनेच काढलेला. रविवारचं उत्पन्न शोधावं लागलं. बहुतेक व्यापारी फोनवरून पैसे पाठवत, ते बँकेत दिसत होते. रोखीचे हसीबला आठवावे लागले. चोपड्याच्या माणसाने उन्हाळ्यात किती दिले यावरून त्याची आणि अफिफाची जुंपली, आणि अफिफाची आठवण बरोबर निघाली.

"पेट्रोल वजा होतं ना?" त्याने विचारलं.

"होतं."

"रस्त्यातला चहा?"

"चहा राहू दे," ज्योत्स्ना हसली.

मग तिने समजावलं. नोकरीचं उत्पन्न वेगळ्या कप्प्यात, धंद्याचं वेगळ्या कप्प्यात, पण शेवटी दोन्हींची एकच बेरीज आणि त्या बेरजेवर कर. छोट्या धंद्यासाठी कायद्यात सोय आहे. रोख मिळालेल्या शंभरात निदान आठ रुपये नफा धरायचा, मग वह्या-पावत्या ठेवायची गरज नाही. "त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं असतं. पण बरेच जण आठवरच थांबतात."

"शंभरात आठ?" हसीबला ते पटेना. "सामान तर गिऱ्हाईक आणतं. पेट्रोल सोडलं तर सगळे हातात येतात. आठ कसे होतील?"

"होत नाहीत."

"मग खरे लावा."

अफिफाने कपाळाला हात लावला. "आता हे पण?"

ज्योत्स्नाने खरे लावले. सगळी बेरीज झाली, नोकरदाराची ठोक वजावट गेली, नव्या करपद्धतीतली सूट धरली गेली. तिने आकडा पाहिला, पुन्हा एकदा तपासला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"कर शून्य."

"शून्य?" अफिफा जवळ आली. "म्हणजे काहीच नाही?"

"उशिराचा दंड आहे. पण कर नाही. एकूण उत्पन्न करसवलतीच्या मर्यादेत बसतंय. त्याआधीच्या वर्षांत रविवारचं काम थोडंच होतं, रिटर्न भरावं लागेल एवढी बेरीजच होत नव्हती."

हसीब आधी हसला, मग त्याने आकडा पुन्हा वाचला. "इतकी वर्षं घाबरून बसलो, ते शून्याला?"

"दर वर्षी शून्यच येईल असं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "काम वाढलं की एक दिवस कर लागेल. तेव्हा मार्चच्या मध्यापर्यंत आगाऊ भरायचा. मी सांगेन. पण मला दुसरंच काही दाखवायचंय." तिने दोन आकड्यांवर बोट ठेवलं. "हा वर्षाचा पगार. आणि हा रविवारचा."

रविवारचा आकडा मोठा होता.

हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पैसे येत होते आणि खर्च होत होते, दोन्ही बाजूबाजूला ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. हसीब स्वतःला नोकरदार समजत होता आणि उरलेल्या वेळात थोडं बाहेरचं करतो असं सांगत होता. खरं तर त्याचं घर अर्ध्याहून जास्त त्याच्या स्वतःच्या धंद्यावर चाललं होतं.

"आणि या मोठ्या आकड्यावर," ज्योत्स्ना म्हणाली, "ना पीएफ, ना विमा. या वेळी बोटं गेली. हात गेला असता तर ईएसआयने फक्त लहान आकड्याकडे पाहिलं असतं."

खाटेवरून हनीफचाचा बोलले. एवढा वेळ ते नुसते ऐकत होते.

"मी चाळीस वर्षं दुकान चालवलं. नोकरदार लोकांचं म्हातारपणासाठी कापतात, आपलं कोण कापणार, असं म्हणायचो. आपलं आपणच कापायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, कुणास ठाऊक." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आज औषधाचे पैसे मुलाकडे मागतो. तो देतो. पण मागावे लागतात."

हसीब खाली मान घालून बसला होता. मग त्याने विचारलं, "पगारातून माझे किती कापता?"

"पगाराच्या शंभरातले बारा तुझे. तेवढेच शेठ घालतात."

"रविवारचा शेठ कोण?"

"तूच."

"मग रविवारचे पण बारा नोकराचे आणि बारा शेठचे. दोन्ही मीच भरणार. करता येतं का तसं?"

ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत राहिली. कायदा त्याला यातलं काहीही करायला सांगत नव्हता. हिशेबाच्या कामात तिला भेटलेली बहुतेक माणसं कापलं जाणारं कमी कसं होईल ते विचारायची. मालकाचा हिस्सा स्वतःहून भरायला मागणारा मालक तिने पाहिला नव्हता.

"धंद्यासाठी वेगळा पीएफ नाही," ती म्हणाली. "पण पगारातूनच आपल्या मर्जीने जास्त पीएफ कापून घेता येतो. शेठचा हिस्सा त्याने वाढत नाही, सगळं तुझंच जाईल. तुझ्या दोन्ही बाऱ्यांचे मिळून जे होतील तेवढे मी पगारातून कापेन. हातात पगार कमी येईल, घर रविवारच्या पैशांवर चालवावं लागेल."

"तसंही चालतंच आहे," हसीब म्हणाला.

सगळ्यांनी अफिफाकडे पाहिलं. ती उठून चुलीपाशी गेली, चहा उकळला होता तो उतरवला, कप मांडले.

"ताई, खरं सांगू? माझं मन त्या पेन्शनवरून अजून उठलेलं नाही. उठेल असं वाटतही नाही. महिन्याला येणारे पैसे यांनी सोडले." तिने कप ज्योत्स्नाच्या हातात दिला. "पण हे कापायचं म्हणतात ते कापा. माझी एक अट आहे. आधी अपघाताचा विमा. रविवारी आणि संध्याकाळीही लागू होईल असा. त्याचा हप्ता भरल्याशिवाय हे मशीनला हात लावणार नाहीत."

"बरं," हसीब म्हणाला.

"आणि हातमोजे काढून पट्ट्याजवळ जायचं. जाळी काढायचीच नाही."

"जाळी काढल्याशिवाय दुरुस्ती कशी होईल?"

"मशीन बंद करून काढा ना!"

हनीफचाचा मोठ्याने हसले. "मी त्याला लहानपणी हेच सांगायचो."

रिटर्न त्याच दुपारी गेलं. फोनवर आलेला पडताळणीचा आकडा हसीबने वाचून दाखवला, ज्योत्स्नाने टाकला. धंद्याचा प्रकार निवडायच्या जागी तिने दुरुस्ती-देखभाल निवडलं तेव्हा तो मान पुढे करून ते शब्द वाचत होता. नोकरी एका ओळीत, धंदा दुसऱ्या ओळीत, वर नाव एकच.

जानेवारीच्या शेवटी तो कामावर आला. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. डाव्या हातात पाना ठरत नव्हता, नटबोल्ट सुटून खाली पडायचे आणि आजूबाजूची माणसं दुसरीकडे बघत. त्याने पान्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळली, अंगठ्याच्या मुळाशी दाबून धरायची सवय केली. महिना-दीड महिन्यात हात बसला. नाशिकचं काम दुसऱ्यांना जात राहिलं. तो त्याबद्दल कधी कुरकुरला नाही, पण गाडी निघायच्या दिवशी तो शेडच्या मागच्या बाजूला काम काढून बसायचा, हे ज्योत्स्नाच्या लक्षात आलं होतं.

पगाराच्या चिठ्ठीवर पीएफचा आकडा आता शेडमध्ये सगळ्यात मोठा होता. असल्या गोष्टी लपत नाहीत. हातात एवढासा पगार घेऊन जाणाऱ्या माणसाला लोकांनी आधी हसून घेतलं, मग एकेकाने विचारायला सुरुवात केली. हसीब सगळ्यांना एकच सांगायचा, "मला नाही नीट सांगता येत. मॅडमला विचारा."

मार्चात एक दिवस जेवणाच्या सुटीत निंबाभाऊ हिशेबाच्या खोलीत आले. नोव्हेंबरनंतर ते त्या खोलीत कामाशिवाय आले नव्हते. हसीबशीही कामापुरतंच बोलत होते. दाराशी जरा घुटमळले.

"बसा ना, निंबाभाऊ."

ते बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई, एक विचारू का? हसाचं नही." त्यांनी बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "लगीनसराईत मी बॅन्डमा क्लॅरिनेट वाजाडस. बरीच वर्षं झाली. अमळनेरकडचा बॅन्ड शे. त्याचे पैसे वेगळे येतात. घरात कुणाला आकडा माहीत नाही, मलाही नाही. त्याचं बी तसं कापता येतं का? हसीबने केलं तसं?"

ज्योत्स्नाला हसू आलं नाही. एवढी वर्षं रोज समोर दिसणाऱ्या या माणसाच्या बोटांत क्लॅरिनेट आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"येतं की," ती म्हणाली. "दोन वर्षं आहेत अजून तुमची, तेवढ्यातही बरंच होईल. हसीबशी बोललात का?"

"नाही." त्यांनी टोपी उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवली. "बोलसू."

"आजच बोला. तो बाहेर डबा खातोय."

निंबाभाऊंनी मान डोलावली, पण उठले नाहीत. ज्योत्स्नाने कोरा कागद पुढे ओढला.

"आधी हे सांगा, मागच्या सराईत किती लग्नं वाजवली?"

निंबाभाऊंनी डोळे मिटले आणि गावांची नावं घ्यायला सुरुवात केली.